परदेशी निघण्याआधी फोनची सोय गावातच करा
पाटण तालुक्यातील नागरिकांना कळकळीचं आवाहन



पोटासाठी गाव सोडणं पाटण तालुक्याला नवं नाही. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील आपल्याच मंद्रुळकोळेचे. त्यांच्या काळात इथली कितीतरी घरं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालली. आता पुढची पिढी मुंबई-पुण्याच्याही पलीकडे, आखातात, युरोपात, अमेरिकेत पोचली आहे. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, मुलाकडे वडील जातात, कुणी हज-उमऱ्याला निघतं, कुणी पशुपतिनाथाला. तिकीट, व्हिसा, औषधं, लोणचं-पापड यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. फोनचं मात्र तिथं उतरल्यावर बघायचं ठरतं, आणि कष्टाचा पैसा तिथंच वाया जातो. म्हणून येत्या महिन्या-दोन महिन्यांत ज्यांचं जाणं ठरलं आहे, त्यांनी हे आजच वाचावं आणि घरातल्यांना वाचून दाखवावं.

पैसा कसा जातो ते आधी समजून घ्या. देशाबाहेर आपलं सिम तिथल्या कंपनीच्या टॉवरवर चालतं, याला रोमिंग म्हणतात. पॅक न घेता डेटा वापरला तर आकार दर एमबीमागे लागतो, आणि एका जीबीत १०२४ एमबी असतात. तुम्ही फोनला हात लावला नाही तरी व्हॉट्सॲपचे फोटो उतरत राहतात, ॲप अपडेट होत राहतात. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते: इथं फुकट असलेल्या येणाऱ्या कॉललाही परदेशात पैसे पडू शकतात. घरच्यांनी मायेनं केलेला साधा फोन उचलला की भुर्दंड तुम्हाला.

तेव्हा कृपा करून एवढं करा.

१. किती दिवस राहणार त्यावरून सोय निवडा. आठवडाभराची सहल असेल तर आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक सोपा. पॅकमध्ये तो देश आहे का, येणारे कॉल धरले आहेत का आणि पॅक कधी सुरू होतो, हे नीट विचारा. महिना-दोन महिने राहायचं असेल तर तिथलं स्थानिक सिम बहुधा स्वस्त पडतं. चार देश फिरायचे असतील तर ई-सिमचा, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायच्या सिमचा, भाव काढा. मात्र तुमचा फोन ई-सिम घेतो का ते आधी तपासा. पॅकचा रोजचा खर्च गुणिले दिवस असा हिशेब कागदावर मांडा आणि मगच पैसे भरा.

२. भारतीय नंबर मरू देऊ नका. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही आणि खात्यात पैसेही नसले, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्याला देऊ शकते. सहा महिने लेकीकडे राहून परत याल तेव्हा बँकेला जोडलेला नंबर परक्या माणसाच्या खिशात गेलेला असू शकतो. परतीच्या तारखेच्या पुढं मुदत जाईल असा रिचार्ज करून जा. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्जही द्यायला सांगितलं आहे. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानात ते मागून घ्या.

३. दोन सिमचा फोन असेल तर भारतीय सिम ओटीपीसाठी ठेवा आणि त्याचं डेटा रोमिंग बंद करा. इंटरनेट दुसऱ्या सिमवर चालवा. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं, नंबर बदलू नका. ओटीपी यावा म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्याआधीच सुरू करून घ्या आणि ओटीपीच्या एसएमएसला आकार पडतो का तेही विचारा.

४. विमानात आणि क्रूझवर फोन फ्लाइट मोडवर ठेवा. तिथलं उपग्रहावरचं नेटवर्क नेहमीच्या पॅकमध्ये बहुधा नसतं आणि फार महाग पडतं.

५. देशागणिक नियम बघा. नेपाळला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, म्हणून इथला रिचार्जही चालेल असं समजू नका. तिथं नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घेता येतं. सौदीत सिम घेताना बोटांचे ठसे द्यावे लागतात, तेव्हा पासपोर्ट घेऊन स्वतः जा. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सॲपवर संदेश जातो, कॉल लागत नाही. बोटिमसारखं तिथं परवानगी असलेलं ॲप दोन्हीकडच्या फोनवर आधीच टाका. युरोपीय संघाच्या एका देशात घेतलेलं सिम २०१७ पासून संघातल्या इतर देशांतही जादा आकार न देता चालतं, पण स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्या संघात नाहीत.

ढेबेवाडी, तारळे, मोरणा, कोयना या खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्यांवर रेंजची अडचण असते. ई-सिम उतरवणं, ॲप टाकणं, व्हिडिओ कॉल करून बघणं ही कामं पाटणला किंवा कराडला येऊन चार दिवस आधी उरका. विमानतळाच्या रांगेत म्हातारी माणसं गोंधळतात आणि समोरचा देईल ते घेतात.

परदेशातल्या मुला-मुलींनो, आई-वडिलांना तिकीट पाठवता तसं सिमही ठरवून ठेवा. तुमचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून त्यांच्या पासपोर्टमध्ये ठेवायला सांगा. फोन बंद पडला तरी कागद उपयोगी येतो. यात्रा कंपन्यांनो, सहलीच्या माहितीपत्रकात फोनच्या खर्चाची ओळ घाला. एका कुटुंबात एकाच फोनवर डेटा घेऊन हॉटस्पॉटनं बाकीच्यांचं काम भागतं, हे प्रवाशांना सांगा. रिचार्जच्या दुकानदारांनो, पॅक विकताना त्यात काय नाही तेही स्पष्ट करा. बाळासाहेब देसाई महाविद्यालयातल्या विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला हे सगळं पाच मिनिटांत जमतं. सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत तासभर बसा आणि जाणाऱ्यांचे फोन तपासून द्या.

ज्यांच्या घरातलं माणूस परदेशी निघालं आहे, त्यांनी आज संध्याकाळी त्याचा फोन हातात घ्यावा. रिचार्जची मुदत, डेटा रोमिंगचं बटण, रोमिंग सेवा, पॅक किंवा सिम आणि लागणारी ॲप, या पाच गोष्टी तपासून मगच त्याला कराडच्या एसटीत बसवा.

आपला नम्र,
पाटण तालुक्यातील एक नागरिक