बाकावरून दिसणारी कचेरी

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यासारख्या गावात सरकारी इमारतीच्या आत फोटो निघतात ते बहुतेक दोन प्रकारचे. एक उद्घाटनाचे: पाहुणे ओळीने उभे, गळ्यात हार, मागे फ्लेक्स. दुसरे पुराव्याचे: कोपऱ्यात तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटलेले. रोजगार हमीच्या कामावर तर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरीही दिवसातून दोनदा फोटो काढून लागू लागली. या फोटोंचं आपापल्या जागी काम आहे. पण आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत, आश्रमशाळा, तालुक्याची कचेरी यांत आपल्या माणसांच्या आयुष्याचे किती तास जातात! ते तास मात्र यातल्या एकाही फोटोत सापडत नाहीत. ते फोटोत यायला हवेत, आणि त्यासाठी खिशातला मोबाइल पुरेसा आहे.

पहिला प्रश्न असतो, उभं कुठे राहायचं? यान बानिंग या डच छायाचित्रकाराने याचं फार नेमकं उत्तर दिलं आहे. भारतातल्या बिहारसह एकूण आठ देशांतल्या सरकारी कचेऱ्यांत तो न कळवता जायचा, म्हणजे कुणाला टेबल आवरायला सवड मिळायची नाही. आणि कॅमेरा लावायचा तो टेबलासमोर, काम घेऊन आलेला माणूस जिथे उभा असतो तिथे. ‘ब्युरोक्रॅटिक्स’ या २००८ सालच्या पुस्तकात ते फोटो आहेत. टेबल केवढं, मागे कागदांची चळत किती, भिंतीवर तसबीर कुणाची, एवढ्यावरून तिथला कारभार डोळ्यांसमोर उभा राहतो. छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या २०१३ सालच्या ‘फाइल रूम’मध्ये तर दप्तरखान्यातले कागदांचे गठ्ठेच बोलतात.

आपल्याकडे काम घेऊन आलेला माणूस कुठे असतो? बाकावर, नाहीतर भिंतीला टेकून खाली फरशीवर. मग कॅमेराही तिथेच न्यावा. लसीकरणाच्या दिवशी मांडी घालून बसलेल्या बायकांचा फोटो उभ्याने काढला, तर नुसते डोक्यावरचे पदर दिसतात. तोच त्यांच्या शेजारी खाली बसून काढला की दिसतात चेहरे, मांडीवरची पोरं, आणि त्यांच्या नजरेला केवढा तरी उंच वाटणारा टेबलाचा काठ. खोली तीच, पण आता ती त्यांची झालेली असते.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या इमारतींच्या खिडक्या लहान, त्यांना गज, आणि पावसाळ्यात मोखाड्याच्या आभाळात दुपारीही अंधारून आलेलं. म्हणून लोक फ्लॅश मारतात आणि तिथेच फोटो मरतो. चेहरे पांढरेफटक पडतात, मागची खोली काळोखात जाते. त्यापेक्षा खिडकीच्या एका बाजूला उभं राहावं, म्हणजे उजेड माणसावर आडवा पडतो. सुरकुत्या, नऊवारीच्या चुण्या, भिंतीचे पोपडे सगळं उठून दिसतं. मोबाइलच्या पडद्यावर उजळ जागी बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा; सावल्या गडद झाल्या तर होऊ द्याव्यात, त्या खोलीच्याच आहेत. खिडकीतून पुरेसा उजेड येत असेल तर विचारून ट्यूबलाइट बंद करून घ्यावी, नाहीतर चेहऱ्याचा अर्धा भाग निळसर आणि अर्धा हिरवट येतो. शिवाय जुन्या पट्टीची ट्यूब सेकंदाला शंभरदा उघडझाप करते. फोटोत आडवे पट्टे आले तर शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंदावर ठेवावं, पट्टे जातात. हात हलू नये म्हणून दाराच्या चौकटीला खांदा टेकवावा.

तिसरी गोष्ट, कामाच्या ऐन क्षणाची. अंगणवाडीत बाळाचं वजन करताना पाहा. आढ्याला टांगलेला काटा, त्याला कापडाची झोळी, झोळीत पाय झाडणारं मूल. सेविकेचे डोळे काट्यावर. आई मात्र मुलाकडे बघते, मग काट्याकडे, मग सेविकेच्या तोंडाकडे. आणि तिचा हात झोळीखाली तसाच पसरलेला असतो, न टेकता. टेकला तर वजन चुकेल, काढला तर जीव राहत नाही. तो हात आणि तो काटा, एवढाच फोटो काढावा. चेहरा नसला तरी त्यात सगळं येतं.

चेहऱ्याबद्दल मी हे मुद्दाम लिहितो आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या कुपोषणातून झालेल्या बालमृत्यूंनी हा मुलूख देशाला कळला. तेव्हापासून बाहेरचा कॅमेरा इथे आला की आधी हडकुळं पोर शोधतो, नाहीतर धबधबा. त्या मुलांना, त्यांच्या आयांना कुणी विचारलं होतं का? सार्वजनिक इमारत सगळ्यांची असली तरी तिथला रुग्ण सार्वजनिक होत नाही. दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी हवी, आणि त्याहून आधी त्या माणसाची. त्या माणसाने होकार दिला नाही तर फोन खिशात. तपासणीच्या खोलीत तर तो काढूच नये.

चौथी गोष्ट सबुरीची. आत शिरल्या शिरल्या फोन काढला की माणसं सावरून बसतात, कर्मचारी चौकशी सुरू करतात. आपणही रांगेत बसावं, गप्पा माराव्यात, कुणाचा अर्ज वाचून दाखवावा. तासाभराने खोली आपल्याला विसरते. ऋतूंनाही वाट द्यावी. दिवाळी उलटली की इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जगायला जातात, आणि काही ठिकाणी पोरंही आईबापांबरोबर जातात. भादव्यात गजबजलेला वर्ग आणि पौषातला तोच वर्ग, एकाच जागी उभं राहून काढलेले हे दोन फोटो शेजारी ठेवले, तर स्थलांतरावर भाषण करावं लागणार नाही.

मग या फोटोंचं करायचं काय? जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके आदिवासी भागांसाठीच्या अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेचा शब्द वजनदार केला आहे. असे फोटो मोबाइलमध्ये पडून राहू नयेत. ते छापून ग्रामसभेत मांडावेत. दवाखान्यात बायका फरशीवर का बसतात, हा प्रश्न तिथे मग टाळता येणार नाही. आणि ग्रामसभेच्याही आधी, पहिली प्रत तिला द्यावी, जिने आपल्याला शेजारी बसू दिलं.