जुन्या गाडीचे नवे काळीज

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे काही वाचकांना सोवळे नेसून गॅरेजात शिरण्यासारखे वाटेल. पण भोरसारख्या गावी राहणाऱ्याला मोटारीशी फटकून वागता येत नाही. पुण्याहून यायचे तर कापूरव्होळला वळा, वेल्ह्याला जायचे तर नसरापूरहून आत शिरा किंवा पाबे घाट चढा, आणि कोकणात उतरायचे तर वरंध घाट आहेच. रस्त्याला एवढी चढउतार असली की माणसे एकमेकांच्या प्रकृतीआधी गाडीच्या प्रकृतीची विचारपूस करतात.

माझा एक जुना विद्यार्थी वेल्ह्याच्या बाजूला गॅरेज चालवतो. त्याने एक जुनी प्रीमियर 118 एनई गाडी पैदा केली आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, हिच्यात मोठे इंजिन बसवतो आणि वर टर्बो लावतो. मग पाबे घाट कसा सरळ वाटेल!" मी विचारले, "गाडीत बसणार कोण?" म्हणाला, "आई असते, मुलगी असते. महाडला मामाकडे जातो ना आम्ही." तेव्हापासून ती गाडी माझ्या डोक्यात बसली आहे.

या गाडीची कुळकथा मोठी मजेची आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने 1985 मध्ये ती बाजारात आणली. अंगकाठी इटलीची, म्हणजे 1966 च्या फियाट 124 ची. पण पोटात निस्सानचे 'ए 12' हे 1171 घनसेंटिमीटरचे जपानी इंजिन. हेच इंजिन 1970 सालच्या छोट्या डॅटसन 1200 गाडीत होते, आणि तिच्या कूपे जातीच्या गाड्या जपानी तरुणांनी शर्यतींत पळवल्या. म्हणजे इंजिन बदलण्याचा खेळ आपल्या दारात कारखान्यानेच खेळून दाखवला होता. फरक एवढाच की कारखान्याने इंजिनाबरोबर गिअरही बदलले आणि आधी हिशेब केला.

जपानच्या जुन्या शर्यतबाज गाड्यांचे शौकीन हाच खेळ घरी खेळतात. 1969 मध्ये निघालेल्या डॅटसन 240 झेड गाडीत 2.4 लिटरचे इंजिन होते. पुढे त्याच घराण्यातील 2.8 लिटरचे इंजिन आले. ते जुन्या जागी फारशी तोडफोड न करता बसते, म्हणून पुष्कळांनी तेच बसवले. काही हौशी मात्र त्याहून धाडसी. त्यांना 1989 च्या स्कायलाइन जीटी-आर गाडीचे, दोन टर्बो असलेले, कागदोपत्री 280 अश्वशक्तीचे इंजिन हवे असते. ते बसवायचे तर इंजिनाचे पाय, रेडिएटर, गिअरपेटी, मागचा डिफरन्शियल, ब्रेक, सगळे नव्याने उभे करावे लागते. एक पाहुणा घरात आणायचा, आणि त्याच्यासाठी भिंती हलवायच्या, असा तो प्रकार.

आता टर्बो म्हणजे काय? इंजिनाच्या धुरात बरीच शक्ती असते, ती एरवी हवेत उडून जाते. त्या धुराच्या झोताने एक छोटे चक्र फिरवायचे. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा कोंडून इंजिनात ढकलते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, आणि शक्ती वाढते. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची यांनी या कल्पनेचे पेटंट 1905 मध्ये मिळवले.

पण सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, हे आपण लहानपणी अनुभवलेले आहे. कोंडलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटू लागले की इंजिन आतून टकटकते. तशीच दामटली तर पिस्टन फुटतो. म्हणून हवा थंड करणारी जाळी लावतात, आणि इंजिनातील दाबाचे प्रमाणही उतरवतात. निस्सानने 1981 च्या 280 झेडएक्स टर्बोत ते 7.4 इतके खाली ठेवले होते. जुन्या इंजिनाला नुसता टर्बो बसवणे म्हणजे उपवासाच्या माणसाला तालमीत उतरवण्यासारखे आहे.

आणि खरा प्रश्न पुढे आहे. टर्बोचा सारा पराक्रम चढावर. उतारावर ब्रेक लागतात. वेग दीडपट झाला तर गाडी थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. वरंध घाटाच्या वळणांवर हा हिशेब इंजिन करत नाही. तो ब्रेकच्या पॅडना आणि मागच्या बाकावर बसलेल्या आईला करावा लागतो.

त्याने मला शेवटी विचारले, "सर, सगळे बदलले तर गाडी तीच राहील का?" मी त्याला वर्गातलाच धडा आठवून दिला. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, तेव्हा इंग्रजी नाटकाचे काळीज मराठी अंगात बसवायचे होते. भाषा, चालीरीती, नात्यागोत्यांचा ताल सारे त्याच्याशी जुळवावे लागले, म्हणून ते नाटक रंगभूमीवर उभे राहिले. काळीज बदलणे अवघड नसते. उरलेल्या शरीराला ते मानवावे लागते.

कायद्याचेही तेच म्हणणे आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. जपानातही मोटारीला ठराविक मुदतीने 'शाकेन' नावाची सरकारी तपासणी पार करावी लागते, आणि मोठा बदल केला की तो नोंदवावा लागतो. म्हणजे आपल्याकडे हौस आरटीओच्या दारातूनच सुरू व्हावी, गॅरेजच्या दारातून नव्हे.

दिवाळीला नव्या गाडीला हार घालणारे पुष्कळ आहेत. जुन्या गाडीवर जीव लावणारे थोडे. त्यांच्या हौसेला माझा नमस्कार आहे. माझ्या विद्यार्थ्याने तूर्त ए 12 इंजिनच नीट उघडून बांधायचे ठरवले आहे, आणि त्याआधी चारी चाकांचे ब्रेक. पळण्याची ताकद विकत मिळते. थांबण्याची मात्र कमवावी लागते, आणि घरच्यांना घेऊन घाट उतरणाऱ्याने ती आधी कमवावी.