प्रिंटर ग्राहकाचा, हुकूमत कंपनीची

घरगुती इंकजेट प्रिंटर घेताना ग्राहक यंत्राची किंमत पाहतो. खरा खर्च पुढे शाईवर होतो. यंत्र अल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि कार्ट्रिजच्या विक्रीतून वसुली करायची, हे या व्यवसायाचे जुने गणित. शिवाय कार्ट्रिजमधील काही शाई छपाईऐवजी प्रिंट हेडच्या सफाईतच संपते. त्यामुळे महिन्याकाठी चार पाने छापणाऱ्या घराला प्रत्येक पान अधिकच महाग पडते.

या गणिताला धोका आहे तो पुन्हा भरलेल्या आणि इतर उत्पादकांच्या कार्ट्रिजचा. लेक्समार्क कंपनीने आपली वापरलेली टोनर कार्ट्रिज भरून विकणाऱ्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्सवर अमेरिकेत पेटंटभंगाचा दावा लावला होता. वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी दिला.

मात्र न्यायालयाने मोकळे केलेले यंत्राच्या आतील सॉफ्टवेअरने पुन्हा बांधता येते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी परक्या चिपची कार्ट्रिज एकाएकी नाकारली. टीकेनंतर कंपनीने दिलगिरी व्यक्त करून त्या प्रिंटरसाठी बंधन काढण्याची सोय दिली. धोरण मात्र सोडले नाही. सुरक्षितता आणि दर्जा ही त्यामागची कारणे असल्याचे कंपनी सांगते. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने एचपीला एक कोटी युरोचा दंड केला. त्यातील एक प्रमुख आक्षेप या बंधनाची ग्राहकांना पुरेशी कल्पना न दिल्याचा होता. म्हणजे खोक्यावर ठळक छापले की अटकाव चालू शकतो, असा अर्थ कंपन्यांनी काढल्यास नवल नाही. एचपीच्या मासिक वर्गणीच्या योजनेत तर वर्गणी थांबताच शाई शिल्लक असलेले कार्ट्रिजही चालेनासे होते.

आशियात ग्राहकांनी वेगळीच वाट काढली. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडून घेत. तीच युक्ती उचलून एप्सनने २०१० मध्ये तेथे टाकीचा प्रिंटर आणला. पुढे भारतातही असे प्रिंटर रुजले. यंत्र महाग, पण बाटलीतील शाईमुळे पान स्वस्त. शिकवणी वर्ग, लहान कार्यालये यांना हा हिशेब परवडतो. चार पानेवाल्या घराचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या यंत्राचे हेड सुकते आणि सफाईत शाई जातेच. अशा घराला कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकानच अजून स्वस्त पडते.