सही करण्याचा अधिकार कोणाला?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले होते. पूल वापरण्याजोगा असून किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असा शेरा अहवालात होता. पुढे ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. पण असा शेरा मारण्याचा अधिकार मुळात कोणाला असावा आणि चुकल्यावर तो काढून कोणी घ्यावा, याचे उत्तर देणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही.

वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. सनदेशिवाय वकिली करता येत नाही. अभियंत्याला मात्र पदवी पुरते. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरना परवाने देतात, ते आपापल्या हद्दीपुरते. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींना ऑडिट सक्तीचे आहे. सोसायटीच्या हाती शेवटी लेटरहेडवरचा एक कागद येतो, त्यावर गोल शिक्का, लायसन्स नंबर आणि सही. खांबातून काँक्रीटचा नमुना काढून तपासला, की गिलाव्यावरून नुसती नजर फिरवली, हे वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला त्या कागदावरून कसे कळावे? म्हणूनच सही करणाऱ्याची पारख आधी, कायद्याने व्हायला हवी.

अमेरिकेत वायोमिंगने १९०७ मध्येच असा कायदा केला. टेक्सासला जाग आली ती १९३७ मध्ये, न्यू लंडन गावच्या शाळेत साचलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण, बहुतांश मुले, दगावल्यावर. पैसे वाचवायला शाळेने तेलक्षेत्रातल्या फुकटच्या वायूची जोडणी घेतली होती. त्याच वर्षी टेक्सासने अभियंत्यांना नोंदणी सक्तीची केली. तिथे पदवीनंतर काही वर्षांचा अनुभव आणि परीक्षा, मगच परवाना.

यातून नवे लायसन्सराज येईल, ही भीती रास्त आहे. म्हणून संगणक किंवा कारखान्यातल्या प्रत्येक अभियंत्याला यात ओढू नये. ज्याच्या सहीवर पूल, इमारत, जाहिरात फलक उभा राहतो, त्याच्यापुरताच परवाना असावा. परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता यावी आणि एका शहरात रद्द झालेला परवाना राज्यभर रद्द व्हावा. दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील २६ व्या नोंदीत व्यवसायांचे नियमन येते. महाराष्ट्राने येत्या अधिवेशनात विधेयक मांडावे.