ऑपरेशनची तारीख पुढे गेली तर

शिरड शहापूरहून वसमतमार्गे नांदेडला ऑपरेशनसाठी नेलेला पेशंट दुसऱ्या दिवशी तसाच परत आला, की मोहल्ल्यात बोलणं सुरू होतं: डॉक्टरला जास्त पैसे हवे असतील, नाहीतर आपलं नाव बघून टाळलं. कधी तक्रारीला जागा असतेही. रक्ताची पिशवी नाही, अतिदक्षता विभागात खाट नाही, याचा जाब विचारलाच पाहिजे. पण काही कारणं आपल्या घरातूनच निघतात.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या अम्मीचं पिशवीचं ऑपरेशन असंच थांबलं. फजरनंतर सासूबाईंनी मायेनं चहा-टोस्ट दिला होता. एवढ्यानं काय होतं? भूल दिल्यावर घसा स्वतःची राखण करू शकत नाही. पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं आणि त्यानं जीवही जाऊ शकतो. म्हणून जेवण साधारण सहा ते आठ तास आधी बंद, साधं पाणीही दोन तास आधी बंद. नक्की वेळ डॉक्टर सांगतील ती. सहरीची वेळ मिनिटानं न चुकवणारी आपली माणसं इथं मात्र ‘एक घोट’ चालवून घेतात! त्या दिवशी डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं ते योग्यच केलं.

दुसरं, लपवालपवी. बायका मिश्री सांगत नाहीत, पुरुष गुटखा सांगत नाहीत, रक्त पातळ करणारी गोळी आणि हकीमसाहेबांचं चूर्ण कुणीच सांगत नाही. शुगर वाढलेली असेल तर जखम भरत नाही, पू होतो. टेबलावर घेण्याआधी हे कळलं तर तारीख पुढे जाते. कळलंच नाही तर भोगावं लागतं.

आणि कागद. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण आधी मंजुरी लागते. आपल्याकडे रेशनकार्डावर ‘बी’, आधारवर ‘बेगम’, कुठं वडिलांचं नाव तर कुठं शौहरचं. मंजुरी तिथंच अडकते. तारीख मिळाली त्याच दिवशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सगळी कार्डं दाखवा, किंवा १५५३८८ वर विचारा. आदल्या रात्री काहीच दुरुस्त होत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तीन जण येऊन नाव, आजार, कोणती बाजू हेच विचारतात. काहींना राग येतो. पण त्यामागे मोठं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी काय तपासायचं, कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजली का, असं सगळं. दिल्ली, अम्मान, मनिलासह आठ शहरांतल्या दवाखान्यांत ती वापरून पाहिली, तेव्हा मोठ्या गुंतागुंती शंभरात ११ वरून ७ वर आल्या आणि मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. त्या कामाचे प्रमुख अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे. त्यांच्या वडिलांचं गाव पैनगंगेपलीकडच्या उमरखेड भागातलं. तेव्हा नाव चौथ्यांदा विचारलं तरी नीट सांगा.

खरी काळजी घरी आल्यावर. जखमेत झालेला संसर्ग बहुधा काही दिवसांनी दिसतो, तोवर सुट्टी झालेली असते. सून तिसऱ्या दिवशी हंडा उचलते आणि पोटाखालची जखम दाखवायला लाजते. काही बहिणी गुस्ल आणि वुजूसाठी टाके भिजवतात. पट्टीवर ओला हात फिरवून मसह करण्याची, पाणी अपायकारक असेल तर तयम्मुमची सवलत शरीअतनं दिलेली आहे. नमाज बसून होते, रमजानमध्ये औषधाची वेळ असेल तर रोज्याची कजा नंतर करता येते. मसअला इमामसाहेबांना विचारा, पण पट्टी कोरडी ठेवा.

ताप, जखमेतून पू किंवा वास, लघवी न होणं, एका पोटरीला सूज, अचानक दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. सुट्टीचं कार्ड बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. निघण्याआधी नर्सताईंकडून वहीच्या पानावर मराठीत लिहून घ्या: कोणती गोळी केव्हा, टाके कधी काढायचे आणि रात्री त्रास झाला तर कुठं यायचं.