सोयीचे सोयरे

बर्फावरच्या हॉकीवर मी लिहायला घेतलंय हे कळलं की आमच्या नणंदबाई हसणार, हे मला ठाऊक आहे. सत्तरी उलटलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्मभर शाळेत खडू झिजवलेली बाई. तिचा आणि त्या खेळाचा संबंध काय? संबंध आहे. सांगते.

२०१८-१९च्या हिवाळ्यात मी थोरल्याकडे हंट्सव्हिलला होते. अलाबामा राज्यातलं हे गाव. आजूबाजूला कापसाची शेतं आणि मधे रॉकेटवाल्यांच्या कचेऱ्या, असा सगळा मामला. एका शनिवारी नातू म्हणाला, "आजी, चल, हॉकी दाखवतो." वॉन ब्राऊन सेंटर नावाच्या मोठ्या सभागृहात बर्फाची जमीन केलेली. मी स्वेटरवर शाल घेतली तरी कुडकुडत होते. काळी रबरी चकती मला शेवटपर्यंत नीट दिसली नाही. तिथल्या विद्यापीठाचा संघ हरला. नातू म्हणाला, बहुतेक हरतोच. पण माणसं उठून गेली नाहीत. शेजारच्या एक आजीबाई मला खुणेने नियम समजावत होत्या. उन्हाळ्यात अंगाची लाही करणाऱ्या त्या गावाने बर्फावरचा खेळ इतक्या मायेने सांभाळला होता, की मला एकदम आपलंसं वाटलं.

आज तो संघ नाही. कसा गेला, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

अमेरिकेत कॉलेजचे संघ गट करून खेळतात. त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. वर्षभराचे बरेचसे सामने गटातल्या गटात होतात, गटाची स्वतःची अंतिम स्पर्धा असते, आणि ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. त्या थेट जागेसाठी गटात किमान सहा संघ लागतात. म्हणजे गट ही नुसती सोय नव्हे. गट नसेल तर सामने मिळवायला दारोदार फिरावं लागतं. आपल्याकडे वाळीत टाकलेल्या घराचं जे व्हायचं, तेच.

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, मास्तरीण आहे मी.

वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन हा १९५१पासूनचा जुना गट. सेंट्रल कॉलेजिएट हॉकी असोसिएशन १९७१चा. दोन्हींत बडी विद्यापीठं होती आणि छोटीही. २०१० साली पेन स्टेट विद्यापीठाला एका धनिक दांपत्याने हॉकीसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले. त्यांचा संघ मोठ्या पातळीवर यायचं ठरलं, आणि त्यामुळे बिग टेन या श्रीमंत मंडळींचे सहा हॉकी संघ भरले. लगेच २०११ साली त्यांनी आपला वेगळा हॉकी गट जाहीर केला. ते पाहून उरलेल्यांतल्या जोरदार संघांनी नॅशनल कॉलेजिएट हॉकी कॉन्फरन्स नावाची आणखी एक चूल मांडली. २०१३-१४च्या हंगामात दोन्ही नवे गट सुरू झाले. सेंट्रल बंदच पडला. मागे उरलेले गरीब बिचारे वेस्टर्नमध्ये एकत्र आले. एकूण दहा. मिशिगनचे तीन, मिशिगन टेक, बेमिजी, मिनेसोटा स्टेट, बोलिंग ग्रीन, अलास्काचे दोन आणि आमचं हंट्सव्हिल.

त्या वेळी या दहांपैकी कित्येकांनी गळा काढला होता. बडे लोक परंपरा मोडून निघाले, पैशापुढे स्नेह विसरले. खरंच होतं ते. मलाही पटलं असतं.

पण पुढे ऐका. जून २०१९मध्ये त्याच दहांतल्या सातांनी जाहीर केलं की आम्ही वेस्टर्न सोडून नवा गट काढणार. आमची उद्दिष्टं जुळतात, आम्ही जवळजवळचे आहोत, विद्यार्थ्यांचं भलं होईल, वगैरे वगैरे. वगळले कोण? फेअरबँक्स, अँकरेज आणि हंट्सव्हिल. तिघंही लांबचे. चार दिवस सासूचे चार दिवस सुनेचे म्हणतात, पण इथे सुनेने सासू होताच पहिलं काम केलं ते धाकट्या जावांना घराबाहेर काढण्याचं!

आणि नव्या गटाला नाव काय दिलं? सेंट्रल कॉलेजिएट हॉकी असोसिएशन! तेच जुनं, मानाचं नाव. गंमत बघा, त्या जुन्या सेंट्रलमध्ये फेअरबँक्स १९९५पासून शेवटपर्यंत सभासद होतं. म्हणजे घराण्याचं नाव लावायचं, परंपरा मिरवायची, आणि त्याच घरातल्या माणसाला दार लावायचं. नव्या गटाचे पहिले आयुक्त डॉन लुसिया. मोठे प्रशिक्षक, मिनेसोटाला २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली त्यांनी. पण मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची सुरुवात झाली होती ती १९८७ साली फेअरबँक्सलाच! निर्णय त्यांच्या नेमणुकीच्या आधीच झाला होता, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण मन खट्टू होतं.

आठवी जागा दिली सेंट थॉमसला. हे कॉलेज तिसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या श्रेणीत येत होतं. त्यांना त्यांच्या जुन्या मंडळींनी २०१९मध्ये बाहेर काढलं होतं, कारण काय तर फार जिंकतात! त्यांना आसरा मिळाला याचा आनंदच आहे. म्हणजे जागा होती, नव्याला घ्यायची तयारीही होती. फक्त जुन्या सोबत्यांसाठी नव्हती.

पुढचं सगळं घडलं ते असं. मे २०२०मध्ये हंट्सव्हिलच्या विद्यापीठाने हॉकी बंद करत असल्याचं सांगितलं. माजी खेळाडू आणि गावकऱ्यांनी आठवडाभरात पाच लाख डॉलरहून जास्त जमवून एक हंगाम वाचवला. आमच्या नातवानेही खाऊचे वीस डॉलर दिले. पण गट कुठे होता? कोणीच घेईना. मे २०२१मध्ये संघ थांबवला गेला. १९९६ आणि १९९८ साली दुसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला, २००७च्या राष्ट्रीय स्पर्धेत बलाढ्य नोत्र दामला दुसऱ्या जादा डावापर्यंत झुंजवणारा संघ! अँकरेजच्या संघावरही २०२०मध्ये कुऱ्हाड पडली होती. त्यांनी ३० लाख डॉलर उभे केले आणि २०२२-२३मध्ये परत बर्फावर उतरले, पण कुठल्याच गटात नाही, एकटे. फेअरबँक्सने त्याच हंगामात २२ सामने जिंकले आणि तरी राष्ट्रीय स्पर्धा थोडक्यात हुकली. गट असता तर गटाच्या स्पर्धेतून थेट जागेसाठी झुंजता तरी आलं असतं.

आता दुसरी बाजू. थोरला म्हणतो, "आई, हंट्सव्हिल ते फेअरबँक्स सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरच्या आसपास आहे. छोट्या कॉलेजांना दरवर्षी विमानाची तिकिटं कशी परवडणार? पोरांचे तास बुडतात." बरोबर आहे त्याचं. मी अंतर खोटं म्हणत नाही. पण २०१३मध्ये एकत्र आले तेव्हा नकाशा हाच होता ना? अलास्का काही नंतर उत्तरेला सरकलं नाही! शिवाय अलास्कात जाऊन खेळलेले सामने हंगामाच्या ठरलेल्या संख्येत धरत नाहीत, असा नियमच आहे. लांबच्यांचं ओझं सगळ्यांनी थोडं थोडं उचलावं, म्हणूनच तो केलेला. खर्च जड जातो तर फेऱ्या कमी करा, एकेका वर्षाआड जा. दहा जणांनी बसून काढला असता मार्ग. पण सात जण वेगळे बसले, आणि उरलेल्या तिघांना मार्ग शोधायला सांगितलं.

मला याचा इतका राग का, तेही सांगून टाकते. मी नोकरीला लागले तेव्हा आमची शाळा तालुक्याच्या अगदी टोकाला होती. आमच्या पोरी खो-खोच्या स्पर्धेला एसटीने तीन तास उभ्याने जायच्या आणि सपाटून हरून, गाणी म्हणत परत यायच्या. एका वर्षी 'सर्वांच्या सोयीसाठी' स्पर्धेचे गट नव्याने पाडले गेले. आमचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, तुमच्यासाठी एवढ्या लांब कोण येणार? दोन वर्षांत मैदानात गवत माजलं. खुंट काढून कोणी तरी गुरं बांधायला नेले. सोय सर्वांची झाली होती, फक्त त्या सर्वांत आम्ही नव्हतो.

म्हणून कोणी 'सोय' आणि 'समविचारी' हे शब्द एका दमात उच्चारले की मी आधी यादी बघते, कोण गळलं ते.

नियतीचा खेळही बघा. ज्या सेंट थॉमसला सेंट्रलने घरात घेतलं, त्यांनी २०२४ साली जाहीर केलं की २०२६-२७पासून आम्ही नॅशनलमध्ये जाणार. तिकडे मोठे संघ, मोठी सोय. सेंट्रलवाले आता कोणत्या तोंडाने रागावणार? धडा त्यांनीच घालून दिलेला. सोयीवर जोडलेले सोयरे सोयीनेच तुटतात.

वर्गात मी नेहमी म्हणायचे, सहलीची बस शेवटचं पोर चढल्याशिवाय हलणार नाही. उशीर व्हायचा, ड्रायव्हर कुरकुरायचा. पण बस हलायची नाही.

असो. फार लांबलं. हंट्सव्हिलच्या त्या आजीबाई आता शनिवारी संध्याकाळी काय करत असतील, कुणास ठाऊक.