हेंडरसन यांना म्हणे धंदा जमला नाही!

‘गुणवत्ता असली की माणूस वर येतोच’ असे आपल्याला तोंडावर सुनावणाऱ्यांनी एकदा फ्लेचर हेंडरसन यांचा हिशेब मांडून दाखवावा.

जॉर्जियातले हे कृष्णवर्णीय तरुण रसायनशास्त्राची पदवी घेऊन 1920 मध्ये न्यूयॉर्कला आले आणि संगीताच्या व्यवसायात शिरले. ‘ब्लॅक स्वान’ या काळ्यांच्या मालकीच्या रेकॉर्ड कंपनीत संगीताची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिच्या संचालकांत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस होते. होय, बाबासाहेबांनी 1946 मध्ये ज्यांना पत्र लिहिले तेच. 1924 पासून हेंडरसन यांचा बँड रोजलँड बॉलरूममध्ये वाजू लागला. वाजवणारे काळे, नाचणारे गोरे.

डझनभर वादक मनाला येईल तसे वाजवू लागले तर गोंगाट होतो. सगळेच कागदाबरहुकूम वाजवू लागले तर जॅझ मरतो. यावर तोड काढली आधी त्यांचे अरेंजर डॉन रेडमन यांनी, आणि पुढे स्वतः हेंडरसन यांनी. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा एक गट, सॅक्सोफोन-क्लॅरिनेटचा दुसरा. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची, मध्येच एकट्या वादकाला मोकळे रान. ही हाक आणि ओ मळ्यातल्या गुलामांच्या श्रमगीतांतून आणि काळ्यांच्या चर्चमधून आली होती.

1934 मध्ये, मंदीत, हा बँड मोडला. त्याच सुमारास बेनी गुडमन यांना ‘लेट्स डान्स’ या रेडिओ कार्यक्रमासाठी सतत नव्या अरेंजमेंट हव्या होत्या. हेंडरसन यांनी त्या विकल्या. ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ त्यांतलीच. 21 ऑगस्ट 1935 ला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये याच संगीतावर तरुण वेडे झाले आणि गुडमन ‘स्विंगचे राजे’ ठरले.

गुडमन यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. गरीब ज्यू स्थलांतरितांचा हा मुलगा हेंडरसन यांचे ऋण उघडपणे मान्य करत होता. चीड येते ती शहाण्या समीक्षकांची. हेंडरसन ढिले होते, धंद्याचे डोके नव्हते, 1928 च्या मोटार अपघातानंतर उमेद गेली, असे ते लिहितात. असेलही. पण तेव्हा देशभर ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमासाठी काळ्या बँडला प्रायोजक मिळणे जवळजवळ अशक्य होते, हा कोणाचा ढिलेपणा? अरेंजमेंट त्याच, फक्त बँडमास्तरची कातडी बदलली. एवढ्यावर धंदा जमू लागला!

1939 मध्ये हेंडरसन गुडमन यांच्याच बँडमध्ये पगारी नोकरीला लागले. 1952 मध्ये वारले. 1961 मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा संच निघाला, त्याचे नाव ‘अ स्टडी इन फ्रस्ट्रेशन’. म्हणजे वैफल्याचा अभ्यास. ते वैफल्य कोणी लादले, हे त्या नावात नाही.